ग्रामसभेत चोऱ्यांचा आणि रात्रगस्तीचा विषय नेमका कसा मांडावा?

प्रश्न (एक शेतकरी)

नमस्कार. आमचे गाव सुमारे अडीचशे उंबऱ्यांचे असून शेतात विखुरलेल्या तीन वस्त्या वेगळ्या आहेत. पोलीस ठाणे बावीस किलोमीटरवर आणि दूरक्षेत्र (ठाण्याची लहान चौकी) नऊ किलोमीटरवर आहे, आणि दूरक्षेत्रात बहुतेक वेळा एकच अंमलदार असतो. गेल्या चार महिन्यांत विहिरींवरील मोटारी आणि केबल चोरीला जाण्याचे अकरा प्रकार घडले, दोन वेळा गोठ्यातून शेळ्या गेल्या आणि एकदा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) फोडून तांब्याची तार नेली. एवढ्या घटनांपैकी ठाण्यात फक्त तीन तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. उरलेल्यांनी दिवसभराची मजुरी बुडवून बावीस किलोमीटर जाण्यात अर्थ नाही असे ठरवले, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

मागच्या ग्रामसभेत हा विषय आयत्या वेळी निघाला. तासभर आरडाओरडा झाला, बीट अंमलदारांविषयी (आमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांविषयी) बरेच काही बोलले गेले आणि शेवटी इतिवृत्तात ‘चोऱ्यांबाबत चर्चा झाली’ एवढी एकच ओळ आली. त्यानंतर गावातील पंधरा-वीस तरुणांनी स्वतःहून रात्री काठ्या घेऊन फिरायला सुरुवात केली. त्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. परंतु गेल्या आठवड्यात त्यांनी रात्री दीड वाजता एका अनोळखी माणसाला अडवले आणि पहाटेपर्यंत पारावर बसवून ठेवले. तो शेजारच्या गावी आलेल्या ऊसतोड टोळीतल्या एका कामगाराचा मेहुणा निघाला. त्याला दोन-तीन चापटीही बसल्या होत्या. तेव्हापासून मला चोरांपेक्षा या गस्तीचीच अधिक काळजी वाटू लागली आहे.

ग्रामसभेत हा विषय अशा रीतीने कसा मांडावा की त्यातून काही ठोस निघेल आणि पोलिसांनाही त्याची दखल घ्यावी लागेल? आणि गस्त ठेवायचीच असेल तर ती कायद्यात बसेल अशी कशी ठेवावी?

उत्तर (निवृत्त ग्रामसेवक)

आपला विषय आयत्या वेळी निघाला, हेच त्याच्या अपयशाचे मूळ कारण आहे. आयत्या वेळच्या विषयावर कोणी तयारी करून आलेले नसते, संबंधित अधिकाऱ्याला बोलावलेले नसते आणि सभा उठण्याच्या घाईत ठरावाची भाषा कोणी तपासत नाही. साधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्यामुळे नोटीस निघण्यापूर्वीच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवकांचे आताचे पदनाम) यांच्याकडे लेखी अर्ज देऊन हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्याच अर्जात, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी स्वतः यावे किंवा प्रतिनिधी पाठवावा असे पत्र ग्रामपंचायतीने द्यावे, अशी मागणी करा.

गणसंख्येकडे लक्ष असू द्या. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही आणि कायद्याने ती सभा चालते, हे खरे. पण तीस माणसांच्या सभेने केलेल्या ठरावाचे वजन ठाण्यातही तीस माणसांइतकेच पडते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. ती केवळ सह्यांपुरती होऊ देऊ नका. पहाटे पाण्याला किंवा शेतावर जाणाऱ्या बायांना कोणती वाट अंधारी आहे आणि कोणत्या कोपऱ्यावर कोण बसलेले असते, हे पुरुषांच्या सभेत कधीच बाहेर येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘पोलिसांनी गावाकडे लक्ष द्यावे’ हा ठराव मी माझ्या नोकरीत कितीतरी वेळा लिहिला आणि त्यावर कधीही काही झाले नाही, कारण त्यात कोणी काय करायचे हेच नव्हते. एका गावी मात्र आम्ही आधी तक्ता केला. चोरी कधी झाली, कोणत्या गट क्रमांकाच्या शेतात झाली, काय गेले, अंदाजे किंमत किती, आणि तक्रार दिली की नाही, हे सर्व घटनांसाठी एका कागदावर लिहून काढले. तेव्हा असे दिसले की जवळजवळ सर्व केबलचोऱ्या, शेतीपंपांना दिवसा वीज मिळण्याची पाळी होती त्या आठवड्यांतील रात्रींच्या होत्या. रात्री वीज नसली की शेतकरी मोटारीवर येत नाही आणि केबल कापणाऱ्याला धक्का लागण्याची भीतीही राहत नाही. मग ठराव असा झाला की, दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री बारा ते चार या वेळेत पोलीस गाडीची फेरी अमुक दोन रस्त्यांवरून व्हावी आणि महावितरणने पाळीचे वेळापत्रक ठाण्यालाही कळवावे. ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी तो कागद वाचल्यावर प्रथमच आमच्याशी बरोबरीने चर्चा केली, कारण त्यांना हाताशी असलेल्या माणसांत करता येण्यासारखे काही आम्ही मागितले होते.

ठरावाच्या प्रती ठाण्याबरोबरच उपविभागीय पोलीस अधिकारी, तहसीलदार आणि महावितरणच्या उपविभागाला द्या आणि प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक घ्या. पुढच्या सभेत ‘मागील ठरावांवरील कार्यवाही’ या विषयाखाली ते आवक क्रमांक वाचून दाखवा. बाहेरून येणाऱ्या लोकांची ग्रामपंचायतीत नोंद ठेवावी, असेही एक कलम ठरावात घालावे असे मी सुचवीन.

उत्तर (वकील, तालुका न्यायालय)

नोंदवलेल्या तीन तक्रारींबद्दल वाचून वाईट वाटले, कारण चौदा घटना आणि तीन नोंदी याचा अर्थ पोलिसांच्या कागदावर आपले गाव शांत आहे असा होतो, आणि गस्त त्या कागदावरूनच आखली जाते.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही केली की तिची नोंद होते. ज्यांची मजुरी बुडते त्यांना याचा उपयोग आहे. तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवण्याचे बंधनही याच संहितेत आहे.

मात्र एक अडचण गावाने समजून घेतली पाहिजे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठेवली आहे, आणि अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शेतकरी भिडेपोटी ‘जुनीच केबल होती, असेल दोन-तीन हजारांची’ असे सांगून टाकतो आणि तिथेच प्रकरण थांबते. खोटी किंमत कधीच सांगू नये. परंतु किती मीटर केबल गेली, कोणत्या जाडीची होती, तिच्याबरोबर स्टार्टर किंवा फ्यूज पेटी गेली का, हे मोजून आणि शक्य असल्यास पावती जोडून सांगितले, तर खरी किंमत कागदावर येते. रोहित्रातील तार किंवा वीजवाहिनी गेली असेल, तर विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ लागू होते. ती मालमत्ता वीज कंपनीची असल्याने कंपनीकडूनही फिर्याद दिली जावी, असा आग्रह ठरावात धरा.

आता त्या पारावर बसवलेल्या माणसाबद्दल. आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा माणूस फरार म्हणून घोषित गुन्हेगार असेल, तरच सामान्य नागरिक त्याला पकडू शकतो. तेव्हाही विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे त्याच संहितेचे कलम ४० सांगते. रात्री रस्त्याने चालणे हा गुन्हा नाही. तेव्हा त्या रात्री कायदा मोडला तो आपल्या तरुणांनी, आणि त्या माणसाने फिर्याद दिली असती तर बेकायदा डांबून ठेवणे आणि मारहाण या दोन्ही आरोपांना त्यांना सामोरे जावे लागले असते. हे त्यांना घाबरवण्यासाठी नव्हे, तर वाचवण्यासाठी सभेत स्पष्टपणे सांगा.

उत्तर (महिला पोलीस पाटील)

आपल्या प्रश्नात पोलीस पाटलांचा उल्लेख कुठेच आला नाही. पद रिक्त असेल तर तेही ठरावात लिहा, कारण पोलीस पाटलांची नेमणूक महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली उपविभागीय दंडाधिकारी करतात आणि रिक्त पदाची मागणी त्यांच्याकडेच जाते. पद भरलेले असेल तर गस्तीची सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी.

दोन नावांत गावोगावी घोटाळा होतो, म्हणून सांगते. रात्रगस्तीसाठी असते ते ग्रामसुरक्षा दल. ग्रामरक्षक दल हे २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आले आणि त्याचे काम अवैध दारूला आळा घालण्याचे आहे. एकाच्या नावाने ठराव आणि दुसऱ्याच्या नावाने यादी गेली की कागद परत येतो. आमच्याकडे तसे घडले होते.

आमच्या दलातील प्रत्येकाचे नाव, फोटो आणि मोबाइल क्रमांक ठाण्यात दिलेला आहे आणि ओळखपत्रावर ठाण्याचा शिक्का आहे. एका रात्री सहा जण, त्यांत दोन तरी चाळिशी ओलांडलेले, आणि दारू प्यालेल्याला त्या रात्री परत पाठवायचे, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून घेतले. जवळ शिट्टी आणि विजेरी असते. गाडी थांबवायची नाही, कोणाची झडती घ्यायची नाही. संशय आला तर गाडीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहायची आणि ११२ ला फोन करायचा. बीट अंमलदार गावभेटीला येतात तेव्हा ती वही पाहून सही करतात. खरे सांगायचे तर या सहीमुळेच आमची वही टिकली; नाहीतर महिनाभरात ती बंद पडली असती.

ज्या जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू आहे, तेथे एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप गावातील सर्व नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी फोनने जातो. आग, बिबट्या, चोरी अशा प्रसंगी तिचा फार उपयोग होतो. व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र ‘गावात चोर शिरले’ असा मजकूर खात्री न करता टाकायचा नाही, हा आमच्याकडे कडक नियम आहे.

उत्तर (शिक्षक, भटक्या समाजातील मुलांसाठी काम करणारा)

वरील सर्व उत्तरांबद्दल आदर ठेवून एका गोष्टीला माझा ठाम विरोध नोंदवतो. ग्रामसेवक साहेबांनी सुचवलेले ‘बाहेरून येणाऱ्या लोकांची नोंद’ हे कलम ठरावात येऊ देऊ नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींच्या माणसांना जन्मापासून गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी पालावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘हजेरी’ हा शब्द अजून जिवंत आहे. गावाने नोंदवही काढली की तिच्यात पाहुणा म्हणून आलेला जावई लिहिला जात नाही. लिहिला जातो तो मेंढपाळ, भिक्षेकरी, ऊसतोड कामगार.

आणि मनात संशय आधीच पेरलेला असला की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. तेथेही चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि लोक रात्री पहारा देत होते. त्या गावांतील माणसेही आपल्यासारखीच, आपल्या मुलाबाळांच्या काळजीने जागी होती. म्हणूनच आपल्या पारावर बसलेल्या दोन-तीन चापटी मला लहान वाटत नाहीत.

नोंदीऐवजी ओळख वाढवा. टोळी उतरली की मुकादमाचा क्रमांक पोलीस पाटलांकडे आणि पोलीस पाटलांचा क्रमांक मुकादमाकडे असावा. त्यांच्याही शेळ्या चोरीला जातात, त्यांच्या मुलींनाही अंधारी वाट असते. त्यांच्यातील दोन माणसांना सभेत बोलावून ऐकून घ्या. ठरावात एक वाक्य असेही असावे की, अफवा आली तर ती खरी की खोटी हे ठाण्याला विचारून गावाला कळवण्याची जबाबदारी अमुक दोन व्यक्तींची राहील, आणि त्या दोघांपैकी एक महिला असावी.

उत्तर (निवृत्त ग्रामसेवक)

शिक्षक महोदयांचे म्हणणे मला पटले. नोंदीचे कलम मी सवयीने सुचवले होते. त्या वहीत प्रत्यक्षात कोणाची नावे येतात हे मी स्वतः पाहिलेले आहे, तरीही ते लिहिताना मनात आले नाही. ते कलम वगळावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी सरपंचांकडे अर्ज देऊन पोच घेतली. तक्ता करायला बसलो तेव्हा मोटारी-केबलच्या चोऱ्या अकरा नव्हे तर चौदा निघाल्या, कारण खालच्या वस्तीवरील तिघांनी आजवर कोणाला सांगितलेच नव्हते. विजेच्या पाळीशी ताडून पाहणे अजून बाकी आहे. गस्तीतील तरुणांशी काल रात्री बोललो. कलम ४० वाचून दाखवल्यावर दोघे जण रागावून उठून गेले, बाकीच्यांनी यादी ठाण्यात देण्यास संमती दिली. उद्या त्यांच्यातील दोघे आणि मी, त्या रात्री अडवलेल्या माणसाला भेटण्यासाठी टोळीच्या मुक्कामावर जाणार आहोत, आणि त्याला फिर्याद द्यायची असेल तर ती न देण्याविषयी आम्ही त्याला काहीही म्हणणार नाही.