मिडी पेडलबोर्डवरून सोलोचा पॅच लावताना आवाज क्षणभर तुटतो, उपाय काय?

क्लीन_टोन:
मंडळी, जरा मदत हवीये. माझ्याकडे रॅकमधला गिटार प्रोसेसर (गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारं यंत्र) आहे, आत्तापर्यंत दोन गाण्यांच्या मध्ये वाकून हातानेच पॅच, म्हणजे साठवून ठेवलेलं आवाजाचं सेटिंग, बदलायचो. आता दहा स्विच आणि दोन एक्सप्रेशन पेडल (पायाने मागेपुढे करायचे) असलेला मिडी फ्लोअर पेडलबोर्ड घेतलाय, मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत, पाच पिनांच्या केबलने जोडलाय, पेडलबोर्डच्या आउटमधून प्रोसेसरच्या इनमध्ये. चालतंय, पण तीन गोष्टींनी डोकं खाल्लंय.

एक तर बोर्डवर 1 दाबलं की प्रोसेसरवर 2 नंबरचा पॅच लागतो, 2 दाबलं की 3. दुसरं म्हणजे वाहचा (आवाज 'वा-वा' असा उघडमीट करणाऱ्या इफेक्टचा) पेडल पुढे पूर्ण दाबला तरी वाह पूर्ण उघडत नाही, वरचा तो तिखट आवाज येतच नाही. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त खटकतं, ते म्हणजे रिदमच्या पॅचवरून सोलोच्या पॅचवर गेलो की मध्ये क्षणभर आवाज गायब होतो. सोलोची पहिली नोट निम्मी गिळली जाते, परत येताना डिलेची, म्हणजे प्रतिध्वनीच्या इफेक्टची, शेपटी कचकन कापली जाते. केबल बदलून पाहिली, काही फरक नाही. बोर्डच स्लो आहे का?

जुनी_केबल:
पहिल्या दोन गोष्टी साध्या आहेत, त्या आधी मिटवून टाक.

मिडीमध्ये पॅचचे नंबर 0 ते 127 असे जातात, एकूण 128. काही यंत्रं ते 0 पासून दाखवतात, काही 1 पासून. तुझा बोर्ड 0 पासून मोजतोय आणि प्रोसेसर 1 पासून, म्हणून सगळं एक घर पुढे सरकलंय. बिघाड काही नाही. बोर्डच्या सेटिंगमध्ये नंबर एकने कमी कर, नाहीतर प्रोसेसरमध्ये प्रोग्राम चेंज (पॅच बदलायचा मिडी निरोप) मॅप म्हणून टेबल असतं का बघ, तिथे कुठल्या नंबरला कुठला पॅच ते हवं तसं बसवता येतं. आणि 128 च्या पुढचे पॅच हवे असतील तर आधी बँक सिलेक्ट (पॅचचा कुठला गट ते सांगणारा निरोप) पाठवावं लागतं, नुसत्या प्रोग्राम चेंजने तिथे पोचता येत नाही.

वाहचं म्हणशील तर बोर्ड कॅलिब्रेट कर. पेडल टाचेला पूर्ण खाली आणि मग पंजाला पूर्ण खाली दाबून बोर्डला दोन्ही टोकं शिकवायची असतात. ते केलं नसेल तर पेडल टेकला तरी बोर्ड 127 या कमाल आकड्याच्या जागी 105-110 वरच थांबतो. दाबताना उभं राहून दाब, बसून हाताने करू नकोस, कारण वाजवताना पायाचा जोर वेगळा पडतो. मी पहिल्यांदा टेबलावर ठेवून हाताने कॅलिब्रेट केलं होतं, नंतर उभा राहिलो तर टाचेकडे पेडल शून्यावर येईचना.

सहावी_तार:
तिसऱ्या प्रश्नावर मी सविस्तर लिहितो, कारण याच्यावर मी स्वतः बरेच महिने वाया घालवलेत.

बोर्ड स्लो नाहीये आणि केबलचाही दोष नाही. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट, प्रोग्राम चेंजचे दोन बाइट, प्रत्येक बाइट वायरवर दहा बिटांचा, म्हणजे तो निरोप एक मिलिसेकंदाच्या आतच पोचतो. वेळ लागतो तो पुढे. नवीन पॅच लावायचा म्हणजे प्रोसेसरला आधीची सगळी साखळी सोडून, अँप, डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब सगळं नव्याने भरावं लागतं आणि तेवढा वेळ तो आवाज बंद ठेवतो, नाहीतर कर्कश टकटक ऐकू येईल. त्यामुळे बोर्ड कितीही भारी घेतलास तरी ती फट राहणारच.

मग करायचं काय, तर गाण्याच्या मध्ये पॅच बदलायचाच नाही. एका गाण्याला एकच पॅच. त्यात त्या गाण्याला लागणारं सगळं आधीच भरून ठेवायचं, क्लीनसाठी, रिदमसाठी, सोलोसाठी, आणि स्विचवरून प्रोग्राम चेंजऐवजी कंट्रोल चेंज म्हणजे सीसी पाठवून एकेक इफेक्ट चालू-बंद करायचा. इफेक्ट आधीच मेमरीत असतो, फक्त त्याचं दार उघडतं, त्यामुळे फट जवळपास राहत नाही. बरेच बोर्ड एका स्विचवर चार-पाच सीसी पाठवू देतात, तर सोलोच्या स्विचला बूस्ट (आवाज उचलणारा इफेक्ट) चालू, डिले चालू, कोरस बंद असं एकत्र बांध. काही प्रोसेसरमध्ये सीन किंवा स्नॅपशॉट म्हणून हीच सोय तयार असते, ती असेल तर तीच वापर. पॅच बदलायचा तो गाणं संपल्यावर, टाळ्या चालू असताना, तेव्हा ती फट कुणाला ऐकू येत नाही.

डिलेची शेपटी मात्र वेगळी सांभाळावी लागते. डिले सीसीने बंद केला तरी कापली जातेच, जर तो ब्लॉक, म्हणजे साखळीतला तो इफेक्ट, पूर्ण बायपास होत असेल (आवाज त्याला वगळून जात असेल) तर. डिलेच्या सेटिंगमध्ये ट्रेल्स किंवा स्पिलओव्हर असं काहीतरी असेल ते चालू कर. मग बंद केल्यावर डिलेत नवीन आवाज जाणं थांबतं, पण आधी आत गेलेला आवाज स्वतःच विरत जातो. सोलोची शेवटची नोट लांबवून ठेवायची, पाय स्विचवर, पहिली क्लीन कॉर्ड वाजली आणि तिच्याखाली ती नोट अजून दोन-तीनदा घुमत मागे मागे जातेय, हे एकदा ऐकलंस की पुन्हा पॅच बदलून सोलो घ्यावासा वाटणार नाही तुला.

आणि सोलोचा स्विच बोर्डच्या कोपऱ्यात ठेव, मधल्या रांगेत नको. मानेवर तार चढवताना खाली बघायला वेळ नसतो, कोपरा पायाला न बघता सापडतो.

क्लीन_टोन:
नंबर जुळले, वाह आता पूर्ण उघडतो, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री एका गाण्याचा पॅच तुम्ही सांगितला तसा बांधला आणि फट खरंच गेली. पण आता नवीनच झालंय, सोलोचा स्विच दाबून धरला तोवरच बूस्ट चालू राहतो, पाय उचलला की बंद. आणि दुसरा पेडल व्हॉल्यूमला द्यायचाय, सीसी 7 देऊ की 11?

जुनी_केबल:
तुझा स्विच मोमेंटरीवर आहे. दाबताना 127 जातोय आणि सोडताना 0, आणि सहसा 64 च्या खालचं सगळं बंद धरलं जातं. टॉगल कर म्हणजे एकदा दाबला की 127, परत दाबला की 0. एक लक्षात ठेव, पॅच बदलल्यावर बूस्टचा दिवा आणि प्रोसेसरमधली खरी स्थिती जुळेलच असं नाही, कारण तुझी केबल एकाच दिशेने बोलते, प्रोसेसरने काय केलं ते बोर्डला कळतच नाही. प्रत्येक पॅचमध्ये बूस्ट बंद ठेवूनच सेव्ह कर आणि पॅच बदलताना बोर्डवरचे टॉगलही बंदवर यावेत अशी सोय असेल तर ती लाव.

सहावी_तार:
व्हॉल्यूमला नंबर कुठला दिलास याने फारसा फरक पडत नाही. 7 हा व्हॉल्यूमचा आणि 11 एक्सप्रेशनचा असं मिडीत ठरलेलं आहे, पण प्रोसेसरमध्ये तू तो कशाला जोडतोस ते महत्त्वाचं. फक्त काही प्रोसेसर 7 आला की थेट मास्टर आउटपुट कमी करतात, तेवढं तपासून घे.

खरा प्रश्न व्हॉल्यूमचा ब्लॉक साखळीत कुठे ठेवायचा हा आहे. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलास तर पेडल मागे घेतल्यावर आवाजापेक्षा ड्राइव्ह, म्हणजे डिस्टॉर्शनचा खरखरीतपणाच, कमी होतो, गिटारची नॉब खाली घेतल्यासारखा, आवाज स्वच्छ होत जातो. डिस्टॉर्शननंतर ठेवलास तर टोन तसाच राहतो आणि फक्त पातळी खाली येते. आणि एकदम शेवटी, रिव्हर्बच्याही पुढे ठेवलास तर पेडल बंद केला की घुमणारा डिलेही त्याच्यासोबत मरतो. मी डिस्टॉर्शनच्या नंतर आणि डिलेच्या आधी ठेवतो. पेडल टाचेवर, कॉर्ड मारली, मग हळूच पंजा पुढे, नोट तार छेडल्याच्या ठोक्याशिवाय नुसती फुलत येते आणि पेडल परत मागे घेतला तरी डिलेत ती चालूच राहते. तू दोन्ही जागी ठेवून एकेक तास वाजवून बघ आणि मग कुठली ठेवलीस ते इथे सांग.