वाट हक्काची असते

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत गटाने पायी भटकताना लोकांच्या शेतात शिरलं तर मालक हटकत नाही का, असा प्रश्न पडतो. नाही हटकत! तिथे 'पब्लिक फूटपाथ'वरून (म्हणजे शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून) चालणं हा कायदेशीर हक्क आहे, जमीन खासगी असली तरी. खांबावर पिवळा बाण दिसला की बिनधास्त जा. निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. पेरणीसाठी शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली, तर ती 14 दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करणं शेतकऱ्यावर बंधनकारक. म्हणून उभ्या गव्हातून एक माणूस जाईल एवढी पट्टी दिसते. तिथे गप्पा मारत शेजारी-शेजारी चालू नका, एकामागे एक.

पहिल्यांदा जाताय तर कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या डोंगराळ भागातली बोर्टन-ऑन-द-वॉटर ते अपर स्लॉटर ही दोन गावांमधली वाट करा. बोर्टनला सुट्टीच्या दिवशी जत्रा असते (माझ्या मते फार डोक्यावर घेतलेलं गाव), अपर स्लॉटर मात्र निवांत. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले इथले सगळे सैनिक जिवंत परतले, अशी फार थोडी गावं आहेत.

चालणाऱ्यांच्या क्लबबरोबर असाल तर पुढे लीडर, शेवटी बॅकमार्कर (गटाच्या सगळ्यात मागून चालणारा). त्याच्या मागे रेंगाळायचं नाही. पबमध्ये शिरताना चिखलाचे बूट दाराशी काढा किंवा वरून प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. आणि कुत्रा बरोबर असताना गाई अंगावर आल्या, तर आधी त्याचा पट्टा सोडा.