पीस लिलीची कुंडी बदलायची वेळ झाली का?

प्रश्न:
6 इंची कुंडीतली पीस लिली दोन वर्षं त्याच मातीत आहे. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकांतून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी पानं परत माना टाकतात. खत देऊनही नवी पानं लहानच येताहेत. कुंडी बदलू का? सरळ 12 इंची घेतली तर चालेल का?

उत्तर 1:
बदलाच. मुळांनी कुंडी भरली की पाणी धरायला माती उरत नाही. ते मुळं-मातीच्या गोळ्याच्या कडेने ओघळून जातं आणि गाभा कोरडाच राहतो. अशात खत वाढवलं तर क्षार साचून मुळांची टोकं जळतात. मातीवरचे पांढरे पापुद्रे बहुतेक वेळा त्याचेच.

12 इंची मात्र नको, 7 किंवा फार तर 8. मुळं पोचलेली नाहीत तिथलं पाणी शोषायला कोणी नसतं. माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात.

आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे गोळा अखंड निघतो. कुंडी आडवी धरून कडा थोपटा, देठांना धरून ओढू नका. गोलगोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून नुसता दोरा हातात राहतो, ते मूळ कुजलेलं. स्वच्छ कात्रीने कापा. रोप पूर्वीइतकंच खोल बसवा, वर 2 सेंमी जागा सोडा.

उत्तर 2:
नव्या मातीचं मिश्रण: 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग गांडूळखत, 1 भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). कोकोपीटची वीट असेल तर भिजवून दोनदा पाणी बदला, त्यात मीठ असू शकतं. तळाशी खडे घालू नका. बारीक मातीतलं पाणी खड्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

उत्तर 3:
दरवर्षी सरसकट सगळ्याच कुंड्या उकरू नयेत. स्नेक प्लांट, झीझी ही कुंडीतली झाडं दाटीत खुशाल राहतात, त्यांना दोन-तीन वर्षांनी बघा. हलवता न येणाऱ्या मोठ्या झाडाची वरची 4-5 सेंमी माती बदलली तरी बराच फरक पडतो.

प्रश्नकर्ता:
नंतर खत कधी द्यायचं?

उत्तर 1:
महिनाभर नाही, गांडूळखत आहेच. पहिले आठ-दहा दिवस उन्हापासून लांब ठेवा. पानं थोडी लोंबतील. घाबरून पाणी ओतू नका, वरची 2 सेंमी माती कोरडी लागली तरच घाला.