मदत हवी आहे : मिरचीनं हात पेटलेत, रात्रीत उतरायला काय करू?

मंडळी, एका बोटानं टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वर्षाची चटणी करायला घेतलीय (बाहेरगावच्यांसाठी : आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला). लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं ब्याडगी मिरची २ किलो, संकेश्वरी १ किलो आणली, गच्चीवर कडकडीत वाळवली. देठ मोडायला दरवर्षी सासूबाई असतात, हाताला गोडं तेल चोळूनच बसतात. यंदा त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून मी एकटीच बसले आणि तेल लावायचं राहिलं. तीन ते सहा देठंच मोडत होते. तेव्हा काही वाटलं नाही. नंतर आंघोळीचं गरम पाणी हातावर पडलं आणि अशी आग उठली की तांब्या टाकून बाहेर आले.

आता साडेनऊ वाजलेत. गार पाण्यात हात बुडवले की बरं वाटतं, बाहेर काढले की दुप्पट. बर्फ धरून बसले, उपयोग नाही. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळायला सांगितलं. नखाच्या कडेला बारीक चिरा होत्या, तिथं जीव कळवळला. कातडी लाल आहे, फोड नाहीत.

खरी काळजी दुसरीच आहे. चार वर्षांच्या लेकानं माझा हात धरला आणि तोच हात डोळ्याला लावला. मी डोळा पाण्यानं धुतला, रडून रडून झोपलाय. सासूबाई म्हणतात डोळ्यात तूप सोड. मी सोडलं नाही. चुकलं का?

उद्या सातला डंकावर (चटणी कुटायच्या गिरणीत) नंबर आहे. खोबरं, कांदा, तीळ, धणे सगळं तळून-भाजून ठेवलंय, पुढं ढकलता येत नाही.

प्रतिसाद १
ताई, तूप सोडलं नाहीत ते बरोबरच केलंत. डोळ्यात तूप, तेल, दूध काही घालायचं नाही. आधी आपले हात नीट स्वच्छ करा, मग बाळ उठलं की पिण्याचं साधं पाणी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हळू धारेनं पंधरा मिनिटं सोडा. त्याचीही बोटं साबणानं धुवा, उशीचा अभ्रा बदला. डोळा उघडत नसेल, उजेड सहन होत नसेल किंवा लाली राहिली, तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या.

आता हात. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पाण्यानं नुसता गारवा मिळाला. कोरड्या हातावर खाण्याचं तेल भरपूर चोळा, दोन मिनिटं, नखाखालीसुद्धा. पाणी न लावता जुन्या फडक्यानं पुसून काढा, ते फडकं टाकून द्या. मग भांडी घासायचा साबण दाट लावा, जुन्या ब्रशनं नखं घासा, गार पाण्यानं धुवा. असं तीनदा. शेवटी वाडगाभर गार दुधात हात बुडवून बसा. गरम पाणी बिलकुल नको : कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसाच जागवतं, त्यामुळं कातडी भाजलेली नसतानाही भाजल्यासारखं होतं, वर ऊन पाणी पडलं की आणखी भडका. बर्फही थेट धरू नका. फोड आले तर मात्र दवाखाना.

प्रतिसाद २
माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं, तेल-साबणानंच उतरलं. उद्या डंकावर नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, पूर्ण बाह्यांचं घाला. आणि लेकाला घरीच ठेवा.

धागाकर्ती
पावणेअकरा. तेल-साबण तीनदा झालं. तळहात शांत आहेत, नखांच्या कडा अजून चुरचुरतात. बाळ मध्ये उठलं होतं, डोळा धुतला. उघडून माझ्याकडं बघितलं, पाणी मागितलं आणि झोपलं. लाली थोडी आहे, सकाळी बघते, नाही गेली तर आधी डॉक्टर, मग डंक. मिरचीच्या डब्यावरच तेलाची बाटली बांधून ठेवलीय.