पहिलं आर०१ ऑनलाइन सबमिट करायचंय, असिस्ट आणि ईआरए कॉमन्समध्ये आधी काय काय करून ठेवायचं?

सायली_लॅब

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मी नुकतीच असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेय, त्याआधी दुसऱ्या राज्यात पोस्टडॉक केलं. आता एनआयएचचं (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) पहिलं आर०१, म्हणजे त्यांची मोठी संशोधन ग्रँट, ५ जूनच्या डेडलाइनला टाकायचंय. सायन्सची मला तेवढी धास्ती नाहीये, स्पेसिफिक एम्सचं (उद्दिष्टांचं) पान दोघातिघांनी वाचलंय, प्रिलिमिनरी डेटा पण बरा आहे. पण हे ऑनलाइनचं प्रकरण बघितलं की छातीत धडधडतं, ग्रँट्स डॉट गव्ह (सगळ्या सरकारी ग्रँटचं पोर्टल) वेगळं, ईआरए कॉमन्स (एनआयएचचं अकाउंटचं आणि अर्ज बघायचं पोर्टल) वेगळं, असिस्ट (एनआयएचचे फॉर्म भरायची साइट) वेगळं, आणि आमच्या डिपार्टमेंटमधला प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतो.

माझे प्रश्न असे. सबमिटचं बटण मी दाबायचं की ऑफिस दाबतं? पोस्टडॉकच्या वेळचं कॉमन्सचं अकाउंट आहे ते चालेल का नवीन काढू? डेडलाइन संध्याकाळी ५ म्हणतात ते ५ नक्की कुठले, कारण आम्ही सेंट्रल टाइमवाले. आणि मी एच-१बी वर आहे, त्याने काही अडतं का? एक को-इन्व्हेस्टिगेटर (सहसंशोधक) दुसऱ्या युनिव्हर्सिटीत आहे, त्यांचं बजेट कसं दाखवायचं तेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

ऑफिसची_ताई

सायली, तू लहान असशील असं धरून अगं-तुगं करते, राग नको. मी इथे एका युनिव्हर्सिटीच्या प्री-अवॉर्ड ऑफिसमध्ये (ग्रँटचे अर्ज पाठवणारं ऑफिस) बरीच वर्षं काम करते आणि नव्या प्राध्यापकांना मी सगळ्यात आधी हेच सांगते की लिहायला बसायच्या आधी अकाउंटं नीट करून घ्या. लिहिणं रात्री जागून पुरं करता येतं, अकाउंट रात्री जागून होत नाही कारण ते दुसऱ्याच्या हातात असतं.

बटण तू नाही दाबायचं. एनआयएचच्या लेखी अर्जदार तू नाहीस, युनिव्हर्सिटी आहे. पैसे युनिव्हर्सिटीला येतात, अटी पाळायची हमी युनिव्हर्सिटी देते, म्हणून साइनिंग ऑफिशियल म्हणजे ज्याला संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार आहे तोच सबमिट करतो. असिस्टमध्ये तू फॉर्म भरायचे, पीडीएफ चढवायच्या, व्हॅलिडेट करायचं (सिस्टीमकडून चुका तपासून घ्यायच्या), आणि मग स्टेटस बदलून ‘रेडी फॉर सबमिशन’ झालं की ऑफिस बघतं आणि पाठवतं. एच-१बी चं उत्तरही यातच आलं. आर०१ ला पीआय (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवालाच हवा अशी अट नाही, तुझी युनिव्हर्सिटी तुला पीआय म्हणून पुढे करते तेवढं पुरतं. एफ३१, एफ३२ अशा फेलोशिपना मात्र ती अट आहे, बरेच के अवॉर्डही (करिअर घडवायला देतात ते) तसेच, पण त्यातल्याच पोस्टडॉकसाठीच्या के९९ ला नाही. लोक हे सगळं एकत्र करून ऐकीव सांगतात आणि नवीन माणूस उगाच घाबरतो.

अकाउंट नवीन अजिबात काढू नकोस. कॉमन्सचा आयडी एकच, जन्मभराचा. तुझ्या नव्या युनिव्हर्सिटीच्या साइनिंग ऑफिशियलला ईमेल कर की माझा हा आयडी आहे, मला आपल्या संस्थेशी अ‍ॅफिलिएट करा आणि पीआयचा रोल द्या. पोस्टडॉकच्या अकाउंटला पीआयचा रोल असेलच असं नाही. हे राहिलं तर शेवटी व्हॅलिडेशनला एरर येते आणि ती तुला स्वतःला काढता येत नाही. तुझ्यासोबत जे जे सीनियर किंवा की पर्सनेल म्हणून आहेत त्या सगळ्यांचा कॉमन्स आयडी लागतो, फक्त पीआयचा नाही, हे २०२२ च्या जानेवारीपासून आहे. तुझ्या त्या को-इन्व्हेस्टिगेटरना आजच विचार.

आणि कॉमन्सच्या प्रोफाइलमध्ये पीएचडीची तारीख तपास. अर्ली स्टेज इन्व्हेस्टिगेटर (नवा संशोधक) हा दर्जा शेवटच्या डिग्रीपासून किंवा क्लिनिकल ट्रेनिंग संपल्यापासून १० वर्षं असतो आणि सिस्टीम तो या तारखेवरूनच काढते. मधे बाळंतपण झालं असेल तर एक वर्ष वाढवून मिळतं, त्यासाठी कॉमन्समधूनच विनंती करायची. हा दर्जा फुकट घालवू नको, पहिल्या आर०१ ला त्याचा खरोखर उपयोग होतो.

आता ५ वाजता. ते अर्जदार संस्थेच्या ठिकाणचे ५, म्हणजे तुमचे सेंट्रलचे. पण मी तर म्हणेन ती वेळ डोक्यातून काढूनच टाक. अर्ज ऑफिसने पाठवला की आधी ग्रँट्स डॉट गव्ह तपासतं, एक ट्रॅकिंग नंबर येतो आणि लोकांना वाटतं सुटलो. तिथून तो ईआरए कडे जातो, तिथे एनआयएचचे नियम लागतात आणि खऱ्या एरर तिथे निघतात. वॉर्निंग असेल तर अर्ज पुढे जातो, एरर असेल तर जागचा हलत नाही, दुरुस्त करून परत पाठवावा लागतो आणि तेही डेडलाइनच्या आत. पूर्वी डेडलाइननंतर दुरुस्तीसाठी दोन दिवस मिळायचे, ते २०११ मध्येच बंद झालं पण जुने प्राध्यापक अजून तेच सांगतात. सगळं पास झालं की कॉमन्समध्ये पूर्ण अर्ज एकत्र जोडलेला दिसतो आणि तो बघायला दोन कामाचे दिवस असतात, नंतर आपोआप पुढे जातो. त्या दोन दिवसांत आकृती पुसट दिसली, एखादं पान गळलं तर ऑफिस अर्ज परत खेचून दुरुस्त करून पुन्हा टाकू शकतं. फक्त हा दुरुस्त केलेला अर्जही ५ जूनच्या ५ च्या आतच पोचला पाहिजे. म्हणजे शेवटच्या दिवशी टाकलंस तर बघायला दोन दिवस मिळतात खरे पण बदलायला एकही नाही. म्हणून ऑफिसची जी आतली डेडलाइन असते ना तीच खरी समज.

विदर्भकर_पीआय

ताईंनी मुद्द्याचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पीडीएफचं आणि पानांचं लिहितो कारण यावरून अर्ज रिव्ह्यूला न जाता परत येऊ शकतो, आणि एवढ्या मेहनतीनंतर तसं झालेलं बघवत नाही.

आर०१ ची रिसर्च स्ट्रॅटेजी, म्हणजे मुख्य प्रस्ताव, १२ पानं, आर२१ (एनआयएचची छोटी ग्रँट) असेल तर ६. स्पेसिफिक एम्स १ पान. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ३० ओळी, नॅरेटिव्ह दोनतीन वाक्यं आणि ती साध्या माणसाला कळतील अशी. फॉन्ट ११ पॉइंट किंवा मोठा, मार्जिन चारी बाजूंनी किमान अर्धा इंच, त्या मार्जिनमध्ये काहीही नको. हेडर, फूटर, पान क्रमांक घालू नका, ते सिस्टीम घालते. रिसर्च स्ट्रॅटेजीत लिंक देऊ नका. पीडीएफ फ्लॅटन करा (थर, फॉर्मच्या जागा काढून साधी करा), फाइलचं नाव ५० अक्षरांच्या आत ठेवा. प्रत्येक गोष्ट वेगळी पीडीएफ म्हणून चढते, सगळं एकत्र जोडून चढवायचं नसतं.

बायोस्केच (संशोधकाचा छोटा बायोडेटा) आता वर्डमध्ये करत बसू नका, सायएन्सीव्ही या सरकारी साइटमधून करा, त्याला ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा नंबर) जोडा आणि तो ऑर्किड कॉमन्सलाही जोडा. शेवटचं सर्टिफिकेशन ज्याचं त्यालाच करावं लागतं, पीआय किंवा सेक्रेटरी दुसऱ्याच्या वतीने करू शकत नाही. तेव्हा को-इन्व्हेस्टिगेटर त्या आठवड्यात कॉन्फरन्सला जाणार असतील तर ती फाइल आधीच घेऊन ठेवा.

अजून एक, कोणती अनाउन्समेंट (ग्रँटची जाहिरात) निवडताय ते नीट बघा. पॅरेंट म्हणजे सर्वसाधारण आर०१ मध्येसुद्धा क्लिनिकल ट्रायल चालते आणि चालत नाही असे वेगळे प्रकार असतात. चुकीच्यावर अर्ज तयार केला तर तो सगळा परत नवीन उभा करावा लागतो.

सायन्सचं तुम्ही बघून घ्याल म्हणालात तरी एक सांगतोच. २५ जानेवारी २०२५ नंतरच्या डेडलाइनना रिव्ह्यूची पद्धत बदललीय. आधीचे पाच वेगळे निकष आता तीन गटांत बसवलेत. पहिला म्हणजे हे संशोधन का महत्त्वाचं, दुसरा म्हणजे काटेकोरपणा आणि ते होण्यासारखं आहे का, या दोघांना १ ते ९ गुण. तिसरा म्हणजे माणसं आणि सोयी, त्याला गुण नाहीत, पुरेसं आहे की नाही एवढंच बघतात. नवीन माणसासाठी ही चांगली गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं, मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीचा दबदबा थोडा तरी कमी होतो. त्यामुळे महत्त्व सांगणारा भाग घाईत उरकू नका, कॉपी करायला कुणाचा जुना आर०१ घेतला असेल तर तो या नव्या चौकटीत बसतोय का बघा.

आणि प्रोग्राम ऑफिसरशी (एनआयएचमधला तुमच्या विषयाचा अधिकारी) बोला! आपली मुलं लाजतात, वाटतं उगाच कशाला त्रास द्यायचा. पण तेच त्यांचं काम आहे. एनआयएच रिपोर्टरमध्ये (मिळालेल्या ग्रँटची यादी असलेली साइट) मॅचमेकर म्हणून सोय आहे, तिथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट टाकलं की जवळचे प्रोजेक्ट आणि त्यांचे प्रोग्राम ऑफिसर दिसतात. एम्सचं पान ईमेलला जोडून १५ मिनिटांचा कॉल मागा.

ध्रुवतारा७

बजेटचं मी सांगते, माझं पण मागच्या वर्षी दोन युनिव्हर्सिटींचं होतं.

वर्षाला डायरेक्ट कॉस्ट (संशोधनाचा थेट खर्च) २,५०,००० डॉलरपर्यंत असेल तर मॉड्युलर बजेट चालतं, २५,००० च्या टप्प्यांत मागायचं, प्रत्येक पिपेटचा हिशोब द्यावा लागत नाही. त्याच्या वर गेलात की सविस्तर बजेट. को-इन्व्हेस्टिगेटरच्या संस्थेचं सबअवॉर्ड (तुमच्या ग्रँटमधून त्यांना जाणारे पैसे) तुमच्या डायरेक्ट कॉस्टमध्ये मोजलं जातं, पण त्यांचा इनडायरेक्टचा (संस्थेच्या ओव्हरहेडचा) भाग त्या २,५०,००० च्या मर्यादेत धरत नाहीत, हे कळलं तेव्हा आम्हाला सविस्तर बजेट करायची गरजच उरली नाही. कुठल्याही एका वर्षी ५,००,००० किंवा त्याहून जास्त होत असेल तर किमान सहा आठवडे आधी एनआयएचशी बोलून परवानगी घ्यावी लागते, तुमचं तेवढं नसणार बहुतेक.

समोरच्या युनिव्हर्सिटीकडून त्यांच्या ऑफिसच्या सहीचं पत्र, कामाचा तपशील आणि बजेट मागवावं लागतं. हे को-इन्व्हेस्टिगेटर देत नाहीत, त्यांचं ऑफिस देतं, आणि त्या ऑफिसची पण आतली डेडलाइन असते जी तुमच्याहून आधीची असते!! सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आजच सुरू करा.

डेटा मॅनेजमेंट अँड शेअरिंग प्लॅन विसरू नका, २०२३ पासून लागतो, दोन पानांत बसवा असं म्हणतात.

एनएसएफवाला

थोडं विषयाबाहेर पण इथे वाचणाऱ्यांत इंजिनियरिंगवाले पण असतील म्हणून. एनएसएफला (विज्ञान-इंजिनियरिंगला ग्रँट देणारी सरकारी संस्था) असिस्ट नाही, रिसर्च डॉट गव्ह वर करायचं. जुनं फास्टलेन बंद झालंय, त्यावरची जुनी गाइडं वाचत बसू नका. प्रोजेक्ट डिस्क्रिप्शन १५ पानं, समरी १ पान आणि तिच्यात ओव्हरव्ह्यू, इंटेलेक्च्युअल मेरिट, ब्रॉडर इम्पॅक्ट्स हे तिन्ही वेगवेगळे हवेत. कोलॅबोरेटर्सची यादी त्यांच्याच एक्सेल टेम्प्लेटमध्ये भरायची असते, ती भरायला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ लागतो कारण गेल्या काही वर्षांतले सगळे सहलेखक आठवून लिहावे लागतात. नव्या प्राध्यापकांसाठीच्या करिअर अवॉर्डची डेडलाइन जुलैतला चौथा बुधवार. तिथेही ५ वाजताचा नियम संस्थेच्या टाइमनेच आणि तिथेही सबमिट ऑफिसच करतं.

एआय वापरणाऱ्यांसाठी, एनआयएचने २५ सप्टेंबर २०२५ पासूनच्या डेडलाइनना नियम केलाय की बहुतांश एआयने लिहिलेले अर्ज ते अर्जदाराचं स्वतःचं काम मानणार नाहीत, आणि एका पीआयला कॅलेंडर वर्षात सहाच अर्ज. व्याकरण तपासायला वापरलं तर एक वेळ ठीक, पण कल्पना आणि लिखाण स्वतःचंच हवं.

सायली_लॅब

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं नीट मला इथे कोणीच समजावलं नव्हतं. ताई, अगं-तुगंच करा, बरं वाटलं. साइनिंग ऑफिशियलला ईमेल केला, खरंच माझ्या अकाउंटला जुन्याच युनिव्हर्सिटीचं नाव होतं आणि पीआयचा रोल नव्हता. को-इन्व्हेस्टिगेटरच्या ऑफिसलाही कळवलं.

एकच शेवटचं. आम्ही बायोबँकेतून टिश्यू सॅम्पल घेणार, त्यावर नाव वगैरे काही नसतं, फक्त कोड. तर ह्युमन सब्जेक्ट्सला (माणसांवरचं संशोधन आहे का, या प्रश्नाला) हो लिहायचं की नाही? आणि आयआरबीची (माणसांवरचं संशोधन तपासणारी संस्थेची समिती) मंजुरी ५ जूनच्या आत हवी का?

ऑफिसची_ताई

सॅम्पल या प्रोजेक्टसाठी मुद्दाम गोळा केलेले नसतील आणि त्या कोडवरून माणूस कोण हे तुमच्या टीममधल्या कुणालाच काढता येत नसेल, तर ते साधारणपणे ह्युमन सब्जेक्ट्समध्ये धरत नाहीत. पण हे तू किंवा मी ठरवायचं नाही, तुमच्या आयआरबी ऑफिसला दोन ओळींचा ईमेल कर आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. फॉर्ममध्ये मात्र ह्युमन सब्जेक्ट्सला नाही लिहिलंस तरी लगेच खाली वेगळा प्रश्न येतो की मानवी नमुने किंवा डेटा वापरताय का. तिथे हो लिहायचं, आणि हो लिहिलं की का ह्युमन सब्जेक्ट्स नाही याचं स्पष्टीकरण पीडीएफ करून जोडावं लागतं. नमुने कुठून येतात, कोड कोणाकडे असतो, तुम्हाला तो का मिळणार नाही, एवढं साध्या भाषेत लिही. बायोबँकेकडून तसं पत्र मिळालं तर तेही घे, लेटर्स ऑफ सपोर्टमध्ये जाईल.

आयआरबीची मंजुरी सबमिट करताना लागत नाही. गुण चांगले आले तर नंतर एनआयएच जस्ट-इन-टाइम म्हणून कागद मागतं, त्यात ती द्यायची असते. आत्ता आयआरबीकडे फक्त हा एक प्रश्न विचार आणि बाकी वेळ रिसर्च स्ट्रॅटेजीला दे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत असिस्टमध्ये सगळ्या जागी काहीतरी पीडीएफ चढवून ठेव, कच्ची असली तरी चालेल, आणि व्हॅलिडेट दाबून बघ. ज्या एरर येतील त्या इथे लिही, मी बघते.