दुष्काळावरचा विज्ञानकथासंग्रह: निवड कशी करावी?

प्रश्न (परभणी): ‘कोरडं पडलेलं जायकवाडी’ या कल्पनेवर संग्रह काढतोय. बऱ्याच कथांत शेवटी पाऊसच पडतो. काय ठेवावं?

उत्तर (नांदेड): तसा शेवट एकाच कथेचा ठेवा. विज्ञानाची कल्पना काढूनही कथा तशीच उभी राहत असेल तर ती परत पाठवा, भाषा कितीही देखणी असो. सगळ्यात दमदार कथा पहिली, तिच्या खालोखालची शेवटी. लागोपाठ दोन ‘मी’वाल्या नकोत.

उत्तर (लातूर): छपाई 16 पानांच्या फर्म्यांत (एकत्र छापल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत) होते, म्हणून पानं 16 च्या पटीत बसवा. 163 झाली तर कागद 176 चा लागतो; एखादी कथा आवळा, 160 होतील. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना रफार, ‘ऱ्या’ हमखास फुटतात. तेवढे डोळ्यांनीच तपासा.

उत्तर (बीड): लेखकांशी लेखी करार कराच. हक्कांची मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा 5 वर्षं धरतो.