मदत हवी आहे: नवीन बागायतदारांना नीट प्रश्न विचारायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी. आमचा द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की नवीन पोरांचे फोटो सुरू होतात. एकच पान, तेही वरच्या बाजूने, आणि खाली दोन शब्द: 'काय मारू?'

वरून पिवळा तेलकट डाग दिसतो, पण डाऊनीची (केवडा रोगाची) पांढरी बुरशी असते पानाच्या खाली. पान उलटून फोटो काढला तर निम्मं काम होतं. छाटणीला किती दिवस झाले, बाग फुलोऱ्यात आहे का, पाऊस-दव किती, आधीची फवारणी कशाची, यातलं काहीच नसतं. मग पाच जण पाच औषधं सांगतात आणि पोरगं पाचही घेऊन येतं. माल निर्यातीचा असेल तर रेसिड्यूची, म्हणजे मालात औषधाचे अंश राहण्याची, भीती वेगळीच.

उलट चार प्रश्न विचारले की काही जण गप्पच होतात, पुन्हा विचारत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. सल्ल्याची खरी गरज त्यांनाच असते. पिन केलेला लांबलचक मेसेज कोणी वाचत नाही.

तुमच्याकडे काय चालतं? प्रश्न कसा विचारायचा याचा छोटा नमुना, व्हॉइस मेसेज, की जुन्या कोणी आधी फोन करायचा? नमुना असेल तर कृपया इथे टाका, छाटणी तोंडावर आली आहे.